चार दिवसांची रजा

बातमी आली तेव्हा मी एका पावण्यांचं आधारकार्ड लॅमिनेट करत होतो. पावणे आणे गावचे, कांद्याच्या गाडीबरोबर मंचरला आलेले, आणि त्यांना भलतीच घाई. फोन नानांचा होता. नाना म्हणजे आमच्या इथल्या कॉलेजातून रिटायर झालेले हेडक्लार्क. ते फोनवर हॅलो-बिलो म्हणत नाहीत, एकदम बातमीलाच हात घालतात. "दत्ता, साबळे सर गेले. घाटघरला. सकाळी." मी विचारलं, "घाटघरहून कुठं गेले?" ...देवाशपथ, मी खरंच असं विचारलं. सर रिटायर झाल्यापासून आपल्या गावी, घाटघरलाच राहत होते. तिथून पुढं जाणार कुठं? पुढं नाणेघाट, कडा, आणि खाली कोकण. तेवढ्यात पावणे ओरडले, "ओ भाऊ, मशीन जळतंय की!" कार्ड आत अडकून सुरकुतलं होतं. मी त्यांना दुसरं करून दिलं आणि शटर ओढलं.

अंत्यविधीला पोचायला उशीरच झाला. नारायणगाव, जुन्नर, आणि मग डोंगरातली वळणं. गेलो तर सरण पेटलेलं. शंभर-दीडशे माणसं, त्यातली निम्मी सरांच्या हाताखालून गेलेली. कुणी तलाठी, कुणी बँकेत, कुणी टोमॅटोचा व्यापारी. बरेचसे रडत होते. मी एका कडेला उभा राहिलो आणि मला रडू येईना. येईना म्हणजे येईचना. राग मात्र येत होता, आणि तो कुणाचा ते कळत नव्हतं. आज पाच-सहा आठवडे झाले, तरी डोक्यातला गुंता सुटत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. मला लिहायची सवय नाही. जन्मभर दुसऱ्यांचंच टाईप करत आलो.

माझं दुकान मंचरच्या स्टँडमागं. आधी नुसतं टायपिंगचं, मग झेरॉक्सचं, मग कॉम्प्युटर आला तसं सगळ्याचंच. टायपिंगची इंग्रजी चाळीस स्पीडची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालोय, पण इंग्रजी समजण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. बोटांना अक्षरं कळतात, डोक्याला अर्थ कळत नाही. सर पहिल्यांदा आले ते नेमकी हीच चौकशी करायला. दारातूनच म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी येतं का?" कॉलेजचे प्राध्यापक आहेत, गिऱ्हाईक हातचं जाईल, म्हणून मी म्हणालो, "येतं की थोडंफार." त्यांचा चेहरा पडला. मग खरं ते सांगितलं, की सर, टाईप येतं, समजत नाय. तसे हसले आणि आत येऊन बसले. "मग तुम्हीच पाहिजे. ज्याला समजतं तो मधेच सुधारणा करतो." पिशवीतून सात-आठ कागद काढले. कविता होत्या, इंग्रजीत. घाटघरचा माणूस, भाताच्या खाचरातून वर आलेला, आणि इंग्रजीत कविता करतोय... मला तर चमत्कारिकच वाटलं. तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "दत्ताभाऊ, मराठीत लिहिलं तर आईला कुणीतरी वाचून दाखवील ना!" हे थट्टेत म्हणाले की खरं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

तीस-बत्तीस वर्षं त्यांनी इंग्रजी साहित्य शिकवलं. कसं शिकवायचे ते मी एकदाच पाहिलं. परीक्षेच्या झेरॉक्स द्यायला कॉलेजात गेलो होतो, तर वर्गाबाहेर थबकलो. दोन वाक्यं इंग्रजी, की मग चार वाक्यं आपली. परदेशातला कुणी राजा म्हातारा होऊन पोरींमध्ये राज्य वाटतोय, असं काहीतरी चाललं होतं. सर सांगत होते, "आता हा म्हातारा चुकला कुठं? सातबाऱ्यावरून सोताचं नाव आधीच काढून बसला! तुमच्या आज्यानं अशी चूक केली असती का?" वर्ग खो खो हसत होता, आणि मग सर एकदम गप्प झाले तसा वर्गही गप्प झाला. मी पण बाहेर गठ्ठा धरून तसाच उभा. एवढ्या वर्षांत सरांनी एकही दिवस रजा घेतली नाही, ही गोष्ट साऱ्या तालुक्याला माहीत होती. ताप असला तरी मफलर गुंडाळून यायचे. निरोप समारंभात प्रत्येक वक्त्यानं तेच सांगितलं. सर मान खाली घालून ऐकत होते. आम्हाला वाटलं, केवढा हा विनय.

आता ज्या कागदानं हा सगळा गुंता केला, त्याच्याकडे येतो. सरांना कोरा कागद वापरवत नसे. कॉलेजात जुन्या प्रश्नपत्रिका, परिपत्रकं पडलेली असायची, त्या पाठकोऱ्या कागदांवर ते कविता लिहायचे. एका बाजूला छापील मजकूर, दुसऱ्या बाजूला सरांचं रेघेत बसवल्यासारखं अक्षर. त्यामुळे माझा नियम सोपा होता. जे हातानं लिहिलंय ते टाईप करायचं, छापील आहे ते सोडून द्यायचं. इतकी वर्षं या नियमानं, एकदा सोडून, कधी दगा दिला नाही. टाईप झालं की सर प्रिंट घेऊन जायचे आणि हस्तलिखित माझ्याकडंच ठेवायचे. "घरी उंदीर झालेत" म्हणायचे. माझ्या दुकानात काय कमी उंदीर होते?

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च-एप्रिलचे दिवस, कॉलेजात परीक्षा चालू. एका सोमवारी सरांनी पाच-सहा कागद दिले. बुधवारी मी टाईप करायला घेतले. त्यातला एक कागद दोन्ही बाजूंनी हातानं लिहिलेला होता. पुढची बाजू खालपर्यंत भरलेली, शेवटच्या ओळीला पूर्णविराम नाही. मागं चार ओळी. मी पान उलटलं आणि सलग टाईप करून टाकलं. त्या चार ओळींत मला 'मदर' आणि 'फोर डेज' एवढंच कळलं. म्हटलं असेल, कवितेत आई असतेच. वर 'रिस्पेक्टेड सर' नाही, खाली 'युवर्स फेथफुली' नाही. तसलं काही असतं तर मी झोपेतसुद्धा ओळखलं असतं. दिवसाला दहा तरी तसलेच बडवतो.

सर गुरुवारी प्रिंट न्यायला येणार होते, ते आले नाहीत. आले ते दोन आठवड्यांनी, तेव्हा डोक्याचं मुंडण केलेलं. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "आई गेली." मी चहा मागवला. काय बोलावं सुचेना म्हणून प्रिंट पुढं केल्या. सर एकेक वाचत गेले आणि त्या कवितेपाशी थांबले. किती वेळ थांबले सांगता येत नाही, चहावर साय आली. मी म्हणालो, "काय चुकलं का सर?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, मला ती नजर समजली असती. "असू द्या," म्हणाले, आणि कागद पाकिटात घालून निघून गेले. चहा तसाच राहिला.

पुढं ती कविता कुठल्याशा इंग्रजी त्रैमासिकात छापून आली आणि तिचं नशीबच उघडलं. लोकांची पत्रं आली. मग ती कॉलेजच्या अभ्यासक्रमात लागली, तिच्यावर गाइडं निघाली. मला त्याचा केवढा अभिमान! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, "ही सगळ्यात आधी माझ्या दुकानात टाईप झालीय, राव." अर्थ विचारायची मला कधी गरज वाटली नाही, आणि अर्थ विचारला की सर विषय बदलायचे. एकदा म्हणे वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, शेवटी कवी ही परवानगी कुणाकडं मागतो? देवाकडं का?" सर म्हणाले, "मलाही माहीत नाही." त्याचंही लोकांनी कौतुक केलं.

सर गेल्यावर दोन आठवड्यांनी कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. इंग्रजीच्या वैशाली मॅडम बोलायला उठल्या. त्या सरांच्याच विद्यार्थिनी, आता सरांच्याच खुर्चीवर. म्हणाल्या, गावाकडची मंडळी आलीत, म्हणून ती कविता मी मराठीत सांगते. धुक्याची कविता आहे, हे मला त्या दिवशी समजलं. डोंगरावर धुकं उतरतं, वाट दिसेनाशी होते, गाय दिसेनाशी होते, तिच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत वाजत गोठ्यापर्यंत येते, आणि आता धुकं माझ्या दारात... इथं मॅडम थांबल्या, आवाज बारीक केला आणि म्हणाल्या, "माझी आई घरी आजारी आहे. मला चार दिवस तिच्याकडे जाऊ द्यावं, ही विनंती." हॉलमध्ये लोकांनी डोळे पुसले. माझ्या शेजारी नाना बसले होते. ते माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "दत्ता, आरं ह्यो तर रजेचा अर्ज हाये!"

चाळीस वर्षं रजेचे अर्ज फायलीला लावलेला माणूस तो, त्याला कोण फसवणार? मी म्हणालो, "नाना, कसला अर्ज, कविता आहे ती." नाना ऐकेनात. बाहेर चहाच्या टेबलापाशी त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "म्हातारी आजारी व्हती तवा मी सरांना म्हनलो व्हतो, अर्ज द्या, आजच्या आज सह्या करून आणतो. ते म्हनले, देतो. अर्ज आलाच न्हाई. शुक्रवारी शेवटचा पेपर चालू असताना निरोप आला, तवर म्हातारी गेलीबी व्हती. दिवस-कार्य सुट्टीत निघालं, म्हंजी त्याचीबी रजा न्हाई." अर्ज येणार कुठून? अर्ज तर माझ्या दुकानात होता.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट आठवायला लागली आहे, आणि ती खरीच आठवतेय की मन रचतंय, हेच समजत नाही. त्याच आठवड्यातला मंगळवार. दुकानात फॉर्म भरणाऱ्यांची ही गर्दी. सर दारात उभे. "दत्ताभाऊ, माझा एखादा कागद जास्तीचा आलाय का तुमच्याकडं?" आणि मी मान वर न करता म्हणतोय, "नाही सर, सगळं बरोबर आहे. गुरुवारी या." मी गठ्ठा उघडूनसुद्धा पाहिलेला नाही. घडलं असेल असं? माझी बायको म्हणते, वीस वर्षांपूर्वीचं तुम्हाला कसं आठवेल, काल आणलेली भाजी कुठं ठेवली ते आठवत नाही. खरं आहे तिचं. पण मग त्यांच्या शर्टाच्या खिशाला लागलेली लाल शाई मला का दिसते?

मी सरांची फाईल काढली. कागद सापडला. दोन रात्री जेवण गेलं नाही. एकच पेन, एकच अक्षर. मला एवढंच ठरवायचं होतं, की आधी कुठली बाजू लिहिली? अर्ज आधी लिहिला असेल आणि मग पान उलटून त्यावर कविता केली असेल, तर सरांनी जायचं मनातून काढून टाकलं होतं, मी सुटलो. कविता आधी आणि अर्ज नंतर असेल, तर तो पक्का करून द्यायचा होता, आणि घाईत चुकून माझ्या गठ्ठ्यात आला. मग एका म्हातारीची आणि तिच्या मुलाची शेवटची भेट माझ्यामुळं हुकली. उजेडात धरून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. मी स्वतःशी भांडायचो, अरे, दुसरा अर्ज लिहायला पाच मिनिटं लागतात! आणि लगेच वाटायचं, ज्याला जन्मात कधी अर्ज द्यायचा धीर झाला नाही, त्याला एकदाच झाला असेल आणि कागद सापडला नाही म्हणून तोही गेला असेल, तर? त्यातच वैशाली मॅडमचा निरोप आला. सरांच्या सगळ्या कवितांचं पुस्तक करायचंय, सोमवारपर्यंत मूळ कागद द्या. मॅडम, तुम्हाला हे सगळं इथंच वाचून कळणार आहे. रागावू नका. तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी रविवारी उठलो आणि घाटघरला गेलो. भात काढणी चालू होती. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, ओट्यावर नाचणीची कणसं निवडत बसल्या होत्या. मी काही आडपडदा ठेवला नाही. कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. मंगळवारचंही सांगितलं. सांगता सांगता रडू आलं. सरणापाशी आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं, नाकातोंडातून. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. म्हणाल्या, "येवडंच व्हय? थांबा जरा." आत गेल्या आणि फडक्यात बांधलेला एक गठ्ठा घेऊन आल्या.

पाठकोरे कागद. शंभर तरी असतील. प्रत्येकावर चार ओळी. अर्थ मला लागत नाही, पण एकदा टाईप केलेला मजकूर माझी बोटं विसरत नाहीत. मदर. फोर डेज. दुसरा कागद, तेच. तिसरा, तेच. वर कुणाचं नाव नाही, खाली सही नाही. मी वहिनींकडं पाहत राहिलो. त्या सांगत होत्या, "ल्हानपनी साळंतनं पळून यायचे. लई आईयेडे. दर टायमाला म्हातारी पायी चालत न्हेऊन सोडायची. एकदा तिनं शपथ घातली, म्हनली, साळा बुडवून पुन्हा आलास तर माजं मेलेलं तोंड बगशील. पोराच्या मनात ते बसलं ते बसलंच. सुट्टीला जायाचे, रविवारी जायाचे, पर कामाचा दिवस मोडून कवा न्हाई. नुसतं लिवायचे. मी म्हनायची, लिवताय तर देत का न्हाई? तर म्हनायचे, लिवलं की जाऊन आल्यावानी वाटतं."

सुटलो, असं मला वाटलं. मग लगेच त्याची लाजही वाटली. शंभर अर्ज दिले नाहीत म्हणून तो एकही दिला नसता, असं कुठं आहे? आणि ती शपथ... शेवटी तसंच झालं ना, मेलेलं तोंडच पाहिलं त्यांनी, आणि तेही शपथ पाळून! मला सरांचा भयंकर राग आला. अहो, अडीच तासांचा रस्ता. चार दिवस. कॉलेज काय बुडालं असतं? हे मी मोठ्यानं बोललो असणार, कारण वहिनी म्हणाल्या, "मी बी लई भांडले भाऊ त्यांच्यासंगं." आणि पुन्हा कणसं निवडायला लागल्या.

मी गठ्ठा नीट लावायला घेतला. खालचे कागद पिवळे पडलेले, वरचे पांढरे. सगळ्यात वरचा कागद गेल्या वर्षीच्या कसल्यातरी सरकारी पत्रकाचा होता. त्याच्या पाठीवर अक्षर थरथरलेलं, ओळी खाली घसरलेल्या, पण मजकूर तोच. मी म्हणालो, "वहिनी, हे अलीकडचं आहे." "मग? म्हातारी गेल्यावर बी लिवतच व्हते की. रिटायर झाल्यावर तर जास्ती. ह्यो आजारपणातला." थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "अर्ज मंजूर कसा करत्यात वो?"

मी म्हणालो, खाली मंजूर म्हणून लिहितात, सही करतात.

"मग करून टाका."

"वहिनी, मी कोण मंजूर करणारा? मी टायपिस्ट."

"मग कोन ऱ्हायलंय दुसरं?" त्या म्हणाल्या. "सासूबाई न्हाईत, हे न्हाईत. मला लिवता येत न्हाई. तुमीच एक अर्ज वाचलाय त्यांचा."

मी खिशातला पेन काढला. कागद गुडघ्यावर धरला आणि त्या चार ओळींच्या खाली मराठीत लिहिलं, मंजूर. माझी सही केली. पुढं रजा कधीपासून कधीपर्यंत ते लिहावं लागतं, कामावर हजर व्हायची तारीख घालावी लागते. कुठली घालायची ते मला सुचेना. तसाच पेन धरून बसलो आणि वहिनींना विचारलं.

त्यांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. "ऱ्हाऊ द्या, भाऊ," म्हणाल्या. "आता कुटं त्यांना परत हजर व्हायचंय."